बाळराजांचा घास कोणत्या खात्याचा?

राजा धुंडिराजाने फर्मान काढलं आणि नगरातली पोरं उपाशी राहिली! म्हणे, "एकच बाई पोरांना भरवते, न्हाऊ घालते, निजवते? हा कसला कारभार! एकेका कामाला एकेक खातं हवं!"

झालं! भरवायला अन्नखातं, न्हाऊ घालायला जलखातं, निजवायला निद्राखातं. चिऊ-काऊ मात्र वनखात्याचे, कारण ते पडले पक्षी! आता सांगा, चिऊ-काऊचं नाव घेतल्याशिवाय कुठलं मूल तोंड उघडतं? अन्नखात्याचा कारकून घास धरून उभा, आणि 'चिऊ' म्हणायची त्याला मनाई!

बाजारातल्या बायकांची चाळीस पोरं सांभाळणारी चंद्राक्का तडक दरबारात गेली.

"महाराज, माझं पाळणाघर मला परत द्या. पोरं वाळून चाललीत हो!"

"देतो की! पण माझ्या कारभारात चूक काय, ते मला इथे सिंहासनावर बसल्या बसल्या दाखव. मी उठणार नाही, आणि तू एकाही खात्याला नावं ठेवायची नाहीस. नाही जमलं, तर पाळणाघराला कायमचं कुलूप!"

"चालेल! फक्त बाळराजांना घटकाभर मांडीवर घ्या."

दीड वर्षाचे बाळराजे मांडीवर बसले. अन्नखात्याने वरणभाताचा घास पुढे केला. बाळराजांनी तोंड घट्ट मिटलं.

"अरे, चिऊ म्हण की!" राजा खेकसला.

"वनखात्यात अर्ज दिलाय, महाराज!"

वनखातं धापा टाकत आलं आणि 'चिऊ' म्हणालं. पण तोवर अन्नखात्याची जेवणाची सुट्टी झाली होती!

तेवढ्यात बाळराजांनी राजाची मांडी ओली केली.

"पुसा रे कुणीतरी!"

जलखातं म्हणालं, "हे विहिरीचं पाणी नव्हे, आमच्याकडे येत नाही." निद्राखातं म्हणालं, "बाळ कोरडं झालं की बोलवा."

बाळराजांनी भोकाड पसरलं. राजा ओल्या धोतरात चुळबुळतोय, पण उठणार कसा? अट त्याचीच!

"चंद्राक्का, तू तरी बघ गं!"

"मी कुठल्या खात्याची, महाराज?"

"सगळ्या! धर आधी!"

चंद्राक्काने पोर कडेवर घेतलं. पदराने पुसलं. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, की वाटी रिकामी! खांद्यावर थोपटलं, आणि बाळराजे घोरायला लागले.

राजा बघतच राहिला. "चार खाती राबली, तरी जमलं नाही. तू कसं केलंस?"

"महाराज, पोराचं पोट एका कचेरीत आणि झोप दुसऱ्या कचेरीत कशी धाडणार? पोर अख्खंच्या अख्खं मांडीवर येतं. आपल्या धोतराला विचारा!"

राजाला हसू आवरेना! पण पोर जागं होईल म्हणून उपरणं तोंडात कोंबून तो गदागदा हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने चंद्राक्काला दिलं आणि कुजबुजत हुकूम सोडला, "पाळणाघर तुझं! आणि आजपासून चारही खाती तुझ्या हाताखाली!"

दुसऱ्या दिवशी अन्नखात्याचा कारकून पाळणाघरात मांडी घालून बसला. 'चिऊ' म्हणायला शिकण्यात त्याचे पंधरा दिवस गेले!