हैबतीनं जोडलेला बॉयलर

घाटमाथ्यावरच्या गारवाडीत हैबती नावाचा एक भोळा वायरमन राहत होता. वायर जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं जोडलेली वायर बैल लावून ओढली तरी सुटायची नाही. फक्त ती कुठे जोडायची, ते कुणीतरी सांगावं लागे. आणि एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. खरी पंचाईत तीच होती.

गाव त्याला पाठीमागून हसे. नाना मिस्त्रींची लेक सुगंधा तेवढी तोंडावर हसे. म्हणून ती हैबतीला फार आवडायची. त्यानं आईला नानांकडे शब्द टाकायला पाठवलं. नाना म्हणजे पंचक्रोशीत बॉयलर बसवणारे मिस्त्री, आणि हैबती त्यांच्याच हाताखाली कामाला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"कुसुमताईंच्या लॉजवर बॉयलर बसवतोय. त्याच्या वायरी हैबतीनं जोडाव्यात. बॉयलर नीट चालला तर सुपारी फोडू. न्हाई चालला तर पोरीला दुसरी स्थळं हायेत."

त्या दिवशी हैबतीला भाकरी गेली नाही.

कुसुमताईंच्या लॉजवर थंडीत पाहुणे यायचे आणि कुडकुडत परत जायचे. आता बॉयलरचं गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरणार होतं आणि न्हाणीघरातही येणार होतं. पाणी किती तापलं हे चाचपून सांगायला बोटाएवढा एक सेन्सर होता आणि त्याला शेपटीसारखी लांब वायर होती. नानांनी तो हैबतीच्या हातात ठेवला.

"महागाचा माल हाय. जिवापाड जप. गारठा लागू दिऊ नगंस."

एवढं सांगून नाना पलीकडच्या नळ्या बघायला गेले. हैबतीनं शेपटी बॉयलरच्या पेटीत झकास जोडली. मग सेन्सर काखेत धरला, गोधडी पांघरली आणि बॉयलरशेजारी आडवा झाला.

बॉयलर पेटला. पाणी किती तापलं, त्यानं विचारलं. सेन्सरनं हैबतीची काख चाचपली आणि कोमट म्हणून सांगितलं. बॉयलरनं आग वाढवली. तरी कोमटच. आणखी वाढवली. शेवटी वाफ सोडायची झडप किंचाळली, खोलीभर वाफ झाली आणि त्या वाफेतून नाना धावत आले. आधी त्यांनी आग बंद केली, मग हैबतीला शोधलं.

"सेन्सर कुठाय?"

"हितं, काखेत. जरासुदीक गारठू दिला न्हाई."

नाना मटकन खाली बसले. "आरं, ज्याचा ताप बघायचा त्याला बांधायचा असतो. नळीला घट्ट चिकटवायचा आणि वरून जाड कापड गुंडाळायचं."

"आधी सांगायचं की," हैबती म्हणाला.

त्यानं तो सेन्सर नळीला चिकटवला, वरून कापड गुंडाळलं. काम पक्कं झालं. मग राहिला दुसरा सेन्सर, बाहेरचा गारठा बघायचा. बाहेर गारठा जास्त तर बॉयलरनं आग वाढवायची, ऊब असेल तर निवांत बसायचं. ज्याचा गारठा बघायचा त्याला बांधायचं, हे हैबतीला आता पाठ होतं. बाहेर गारठणारं कोण, हे तो बघू लागला. फाटकाशी राखणदार आबा दातावर दात वाजवत बसले होते.

"आबा, जरा हात वर करा."

त्यानं सेन्सर आबांच्या छातीला घट्ट चिकटवला आणि वरून दोन घोंगड्या गुंडाळल्या. आबा इतके सुखावले की जेवायलाही उठले नाहीत. बॉयलरला वाटलं, बाहेर वैशाख लागला. तो बंद पडला. आत पाहुणे रजया गुंडाळून बसले. कुसुमताईंनी नानांना बोलावणं धाडलं.

नानांनी आबांना सोडवलं. आबा काही केल्या सुटायला तयार नव्हते.

"बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या भिंतीला लावायचा असतोय," नाना दात आवळून म्हणाले. "उंच, सावलीत. कुणाचा हात न्हाई पोचला पायजे."

हैबतीनं तसा लावला. पुढे जेवणघरात एक चकती लावायची होती. पाहुण्यांनी ती फिरवायची आणि खोली हवी तेवढी उबदार करून घ्यायची. हैबतीनं उत्तरेची भिंत शोधली. शिडी आणली. आढ्याच्या खाली, पार अंधारात, त्यानं चकती अशी ठोकली की पाहणाऱ्याची टोपी पडावी. थंडी वाजली की पाहुणे शिडी मागू लागले. एका गृहस्थांनी वर चढून ऊब वाढवली, आणि खाली शिडी दुसऱ्यानं नेली म्हणून ते जेवणाची वेळ टळेपर्यंत वरच लटकून राहिले.

"ज्याला हात लावायचा ते हाताशी हवं," नाना म्हणाले. आता त्यांचा आवाजही बसला होता. "दाराजवळ. लहानथोर सगळ्यांचा हात पोचंल असं."

हैबतीनं चकती खाली घेतली. मग लाल बटण राहिलं. काही विपरीत झालं तर आग बंद करायचं ते बटण, बॉयलरच्या खोलीत लावायचं होतं. पण हात तर त्यालाही लावायचा होता. हैबतीनं ते जेवणघराच्या दारात, दिव्याच्या बटणाशेजारी बसवलं. आत येणारा दिवा लावायला म्हणून लाल बटण दाबे. बाहेर जाणारा दिवा घालवायला म्हणून दाबे. वर न्हाणीघरात साबण लावलेली माणसं थंड पाण्याखाली रामनाम घेऊ लागली.

कुसुमताई म्हणाल्या, "मिस्त्री, बॉयलर काढून न्या. आमची चूल बरी होती."

नानांनी हैबतीकडे पाहिलं. हैबतीनं जमिनीकडे पाहिलं. सुगंधा आता दुसऱ्या घरी जाणार, हे त्याला कळत होतं. तो आपली पक्कड पिशवीत भरू लागला. नानांनाही ते दिसलं. ते मनानं वाईट नव्हते. लाल बटण उचकटून बॉयलरशेजारी लावत ते म्हणाले, "ही शेवटची संधी. नीट ऐक. पाणी, दाब आणि धुराडं बघणारे तीन सेन्सर, तिघांना एका तारेत ओवायचं. तिघं व्हय म्हणले तरच आग. एकानं जरी नगं म्हटलं, की आग लगेच बंद. मग माझ्या हुकमाबिगर पेटवायची न्हाई."

हैबतीनं तसंच ओवलं. आणि नवल झालं. बॉयलर चालला. खोल्या उबदार झाल्या, पाहुणे बंड्या काढून बसले. कुसुमताईंनी खूश होऊन लॉजचं अंगणच लग्नाला देऊन टाकलं. नानांनी दिलेला शब्द पाळला. सुपारी फुटली.

लग्नाच्या सकाळी आईनं हैबतीला जवळ बसवलं. "सासरी कुणी काही दिऊ लागलं तर आधी नगं म्हणावं. पुन्हा विचारलं, पुन्हा नगं. तिसऱ्यांदा व्हय. पहिल्या शब्दाला व्हय म्हणणारा जावई हावरा दिसतोय."

हैबतीनं मान डोलावली. ते कायमचं पाठ झालं.

अक्षता पडल्या. हार घातले. अंगणात होम पेटला. बायका सुगंधाला कोपरानं ढोसू लागल्या, "नाव घे की गं." सुगंधा लाजली. रीतीप्रमाणे म्हणाली, "नगं बाई."

हैबती उठला. शेजारची पाण्याची घागर उचलली आणि होमावर ओतली.

"एकानं नगं म्हटलं," तो भटजींना समजावून सांगू लागला.

मांडवभर धूर पसरला. लाकडं चिंब झाली होती. नानांनी जावयाला बाजूला घेतलं. "बाबा, तो नियम बॉयलरपुढं. मांडवात न्हाई. कळलं?"

"कळलं. बॉयलरपुढं."

मुहूर्त टळत चालला होता. भटजींनी विचारलं, "कुठं पेटता अग्नी आहे का?" होता. एकच होता. अख्खं वऱ्हाड बॉयलरच्या खोलीत गेलं. बॉयलरच्या आत बघायच्या काचेतून ज्योत दिसत होती. भटजींनी तिला नमस्कार केला आणि समोर तांदळाच्या सात ढिगल्या मांडल्या.

एकेक पाऊल पडू लागलं. सुगंधाचा हात हैबतीच्या हातात होता. एवढं सुख त्याला कधी झालं नव्हतं. सहावं पाऊल पडलं, आणि कुसुमताई गर्दीतून कपबशी घेऊन पुढे आल्या.

"जावईबापू, सकाळपासून उपाशी आहात. घोटभर चहा घेता?"

हैबतीला आई आठवली. "नगं," तो म्हणाला.

म्हणाला आणि थबकला. त्यानं समोर पाहिलं. समोर बॉयलर होता. त्यानं सुगंधाकडे पाहिलं, सातव्या ढिगलीकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले. पण नियम तो नियम. त्यानं तिचा हात हळूच सोडला आणि लाल बटण दाबलं. काचेतली ज्योत गेली.

"आता कोण नगं म्हटलं?" नाना ओरडले.

"मीच की, नाना," हैबती डोळे पुसत म्हणाला. "आणि अजून एकदा म्हणायचं हाय. आईनं तिसऱ्यांदा व्हय म्हणायला सांगितलंय."