शुभ्रदेच्या ओंजळीतील शाप

त्रेतायुग नुकतेच उजाडले होते, देवांची विमाने अजून पृथ्वीवर सहज उतरत असत आणि नद्यांना मानवी रूप धारण करून राजसभेत येण्याचा संकोच वाटत नसे, त्या काळी विंध्याद्रीच्या दक्षिणेस श्यामाक नावाचा एक देश होता. श्यामाक म्हणजे सावा. त्या डोंगराळ भूमीत ना साळ पिके, ना गहू. पिके ते एवढेच बारीक धान्य, आणि त्यावरूनच देशाला नाव पडले होते. मेघशेखर पर्वताच्या कुशीतून उगम पावणारी शुभ्रदा नदी साल-सागाच्या गर्द अरण्यातून, मृगांना पाणी पाजीत आणि आश्रमांच्या पायऱ्या धूत खाली येई. देश दिसायला देखणा होता. फक्त तेथील माणसे अर्धपोटी निजत.

देशाचा राजा रुचिकेतू तरुण होता, सत्यनिष्ठ होता आणि मनातून सदैव अस्वस्थ होता. एका अवर्षणाच्या वर्षी तो वेशीबाहेर पडला असता वडाखाली एक स्त्री मांडीवर निपचित मूल घेऊन बसलेली त्याला दिसली. ती म्हणाली, "महाराज, उठण्याचे बळ असते तर उठून वंदन केले असते." राजाने आपल्या हाताने तिला पेज पाजली, मूल वाचले, पण ते वाक्य त्याच्या काळजात बाणासारखे रुतून राहिले. राज्य अमात्यांवर आणि राणी कुवलयेवर सोपवून तो मेघशेखराच्या शिखरावर गेला आणि यक्षराज कुबेराच्या आराधनेत त्याने अन्नपाणी वर्ज्य केले.

कुबेर प्रसन्न व्हायला फार वेळ लागला नाही. त्याला मुळात देण्याचीच हौस. पुष्पमाळांनी डवरलेले विमान शिखरावर टेकले आणि त्यातून तो लंबोदर, पिंगट नेत्राचा धनाधिपती धापा टाकीत उतरला.

"राजन्, फारच उंच जागा निवडलीस. बोल, काय हवे?"

"भगवन्, माझ्या प्रजेची भूक जावी. माझा देश शेजारच्या रत्नावर्तासारखा संपन्न व्हावा."

"या दोन मागण्या आहेत," कुबेर हसून म्हणाला, "पण तुला त्या एकच वाटतात, तेव्हा तशाच घे. हा माझा यक्ष शिलाभंग तुला देतो. सांगशील ते तो उभारील. सामग्री मात्र तुझ्याच भूमीतून घेईल. आणि एक ध्यानात ठेव. त्याला बळ आहे, कौशल्य आहे. कुठे थांबावे याचे ज्ञान नाही. 'पुरे' हा शब्द तुझ्याच मुखातून निघाला पाहिजे."

शिलाभंग शालवृक्षासारखा उंच होता आणि त्याच्या खांद्यावर हत्तीच्या मस्तकाएवढा घण होता. राजाने प्रथम धान्यकोठारे मागितली. ती उभी राहिली. शुभ्रदेवर बांध मागितला. पर्वतकड्यासारखा बांध उभा राहिला आणि कालव्यांतून पाणी खेळू लागले. ज्या घाटातून शेळी जपून चाले तेथून बैलगाड्या जाऊ लागल्या, गावोगाव वैद्यशाळा झाल्या, आणि ज्या घरांत सावाही मोजून रांधला जाई तेथे साळीच्या भाताचा सुगंध दरवळू लागला. माणसांच्या चेहऱ्यांवर तेज चढले. लग्ने थाटात होऊ लागली, जत्रांतून मल्ल दिसू लागले. वडाखालच्या त्या स्त्रीचा मुलगा तर इतका उनाड निघाला, की त्याची तक्रार घेऊन शेजारीण थेट राजवाड्यात आली, आणि ती ऐकताना रुचिकेतूला जो आनंद झाला तो कोणत्याही स्तुतिपाठाने झाला नव्हता.

येथे 'पुरे' म्हणता आले असते. पण ज्याला मिळतच जाते त्याला तो शब्द आठवत नाही. राजाला रत्नावर्ताचे सुवर्णकळस आठवले. कळसांसाठी धातू हवा, धातूसाठी मेघशेखर फोडायला हवा, भट्ट्यांसाठी अरण्य हवे. रत्नावर्ताच्या बाजारात उसाच्या गुळाला मागणी होती. तेव्हा उसाचे मळे वाढले आणि त्यांना बारमाही पाणी हवे म्हणून बांधाची उंची वाढत गेली. अखेर खालच्या पात्रात थेंबही उतरेना.

राणी कुवलया एके दिवशी रथातून खालच्या गावांकडे जाऊन आली आणि तिने भरसभेत राजापुढे एक तबक ठेवले. त्यात पांढरे शुभ्र चूर्ण होते.

"कापूर का?" राजाने विचारले.

"चाखून पाहावे, आर्यपुत्र."

राजाने बोट लावून जिभेवर ठेवले आणि तोंड वाकडे केले.

"मीठ आहे," राणी म्हणाली. "मळ्यांना पाणी पाजून पाजून जमिनीच्या पोटातले मीठ वर आले आहे. वरच्या मळ्यांत मीठ पिकते, खालच्या गावांत धूळ पिकते. आपण नगराचे कळस पाहता, म्हणून मी हे तबकात घालून आणले."

राजाने उत्तर देण्यापूर्वीच द्वारपाल मागे सरला, आणि सभेत साक्षात शुभ्रदा आली. जिच्या लाटांचे पदर कोसभर पसरत, ती नदी एका कृश स्त्रीच्या रूपात उभी होती. केसांत शेवाळ सुकले होते, वस्त्राला चिखलाच्या भेगा पडल्या होत्या. तिच्यामागून जटाधारी शरभक मुनी आले, कारण त्यांचा आश्रम आता ओसाड पात्राकाठी उभा होता. नदीच्या ओंजळीत पाणी होते. शाप देण्यापुरते पाणी तिने जपून ठेवले होते.

"रुचिकेतो," ती म्हणाली, "मी तुझ्या पूर्वजांच्या अस्थी वाहिल्या, तुझे बारसे माझ्या पाण्याने झाले. तू मला कोंडलेस, माझ्या मत्स्यांची वाट बुजवलीस, माझ्या माहेरचा पर्वत फोडलास. आता ऐक."

राजा सिंहासनावरून उतरला. बाहेर मेघशेखरावर घणाचे घाव पडत होते. तो गवाक्षापाशी गेला आणि इतक्या दिवसांत प्रथमच म्हणाला, "शिलाभंगा, पुरे."

उचललेला घण हवेतच थांबला. यक्षाने तो हळूच खाली ठेवला, जागच्या जागी बसकण मारली आणि असा दीर्घ निःश्वास सोडला की नगरातल्या पताका फडफडल्या. "उपकार झाले," तो म्हणाला. "युगानुयुगे राबतो आहे, बस म्हणणारा हा पहिलाच यजमान."

सभेत कोणाला तरी हसू फुटले. नदीच्या ओठांचा कोपराही किंचित हलला, पण ओंजळ तशीच राहिली.

तेव्हा शरभक मुनी पुढे झाले. "राजन्, बांध फोड, मार्ग मोड, कोठारे पाड. पूर्वी जसे होते तसे होऊ दे. मनुष्याने कंदमुळे खावीत आणि शांत राहावे."

"मुनिवर," राजा हात जोडून म्हणाला, "आपण उपवास करता ते व्रत आहे. माझ्या प्रजेने उपवास केले ते व्रत नव्हते. जी माता उठून उभी राहू शकत नव्हती, तिला मी पुन्हा त्या वडाखाली नेऊन बसवणार नाही. त्यासाठी शाप भोगावा लागला तरी भोगीन." मग तो नदीकडे वळला आणि त्याचा स्वर उतरला. "देवी, मी घेतले याची मला लाज नाही. न विचारता घेतले याची आहे. आज विचारतो. तू क्षीण न होता माझ्या लोकांना किती देऊ शकतेस?"

शुभ्रदेने ओंजळीतल्या पाण्याकडे पाहिले. ऋषींनी तिची स्तोत्रे गायली होती, राजांनी तिला दीप सोडले होते. पण हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता.

"बांध राहू दे," ती शेवटी म्हणाली. "मात्र त्यात दार ठेव. वर्षाकाळी माझा पूर मला दे, ग्रीष्मात माझी धार तोडू नकोस. मत्स्यांसाठी कडेने पायऱ्यांची वाट कर. उरेल ते तुझे, आणि ते थोडे नसेल."

"आणि ऊस?" एका अमात्याने हळूच विचारले.

"ऊस तुझ्या परसात लाव," नदी म्हणाली, आणि या वेळी ती स्वतःच हसली.

मग सर्वांनाच धीर आला. राणीने सुचवले, की ज्या माथ्यांवरून झरे निघतात ते कोणी फोडू नयेत. शरभक मुनींनी, थोडे रुसूनच, अरण्यातील कोणते वृक्ष केव्हा तोडावेत हे शिकवण्याचे मान्य केले. शिलाभंगाने बांधाला दार पाडले आणि उतारावरून कोसळणाऱ्या पाण्यावर फिरणारी चक्रे बसवली. त्यांवर धान्य दळले जाऊ लागले आणि भट्ट्यांचे भातेही चालू लागले, त्यामुळे लाकूड निम्म्याने वाचले.

पण शापासाठी घेतलेले जल माघारी घेता येत नाही. ते कोठेतरी पडलेच पाहिजे. शुभ्रदेने ओंजळ सभेबाहेर, मोकळ्या भूमीवर रिती केली आणि म्हणाली, "जो कोणी नदीला न विचारता तिचे सारे पाणी आपल्या मळ्यात कोंडील, त्याच्या मळ्यात मीठ फुलेल. आणि जो विचारून घेईल, त्याच्या नातवंडांनाही मी तितकेच देईन."

श्यामाक देशाला सोन्याचे कळस कधी चढले नाहीत. कुबेर मात्र पुढे वारंवार येई. नैवेद्याला साळीचा भात असला तरी तो साव्याची खीर मागून घेई, आणि शिलाभंगाला परत नेण्याचे दर वेळी विसरून जाई.

त्या शापाने आजही अति पाणी प्यालेल्या जमिनी पांढऱ्या पडतात, आणि त्या वरामुळे श्यामाकांच्या राजांत एक रीत पडली. ज्येष्ठ सरता सरता राजा अनवाणी नदीत उतरे, गुडघाभर पाण्यात उभा राही आणि यंदा किती घेऊ, असे विचारी. उत्तर दर वर्षी वेगळे येई, म्हणून दर वर्षी विचारावे लागे. या कथेचे फल जाणते असे सांगतात, की ती ऐकणाऱ्याच्या विहिरीचे पाणी वैशाखातही आटत नाही. मात्र नुसत्या ऐकण्याने नाही.