पावलांनी काढलेला सामना

“निकाल लागला की खेळाच्या खुणा पुसायच्या, आणि का असं विचारायचं नाही.” एका जंगलात एक तरुण टिटवी राहत असे. अंड्यातून बाहेर आल्यापासून थोरांनी हा नियम तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता.

तिथले प्राणी नदीकाठच्या वाळूत वेल आडवी ताणून गवताच्या चेंडूने टेनिस खेळत. एकदा टिटवीची जिवलग मैत्रीण सशीण, तरबेज कोल्ह्याशी खेळायला उतरली. एक गुण गेला की सशीण मिळवलेले सगळे गुण विसरते, हे टिटवीला ठाऊक होतं. म्हणून नंतर तिला दाखवता यावं यासाठी टिटवी मैदानाच्या कडेने चालू लागली. सशिणीला गुण मिळाला की एक तिरकं पाऊल डोंगराच्या बाजूला, कोल्ह्याला मिळाला की नदीच्या बाजूला. पावलांची रेघ डोंगराकडे चढत गेली. सशिणीला जिंकायला आता एकच गुण हवा होता. तो गुण काही तिला मिळेना. मग रेघ वळली आणि उतरत उतरत पाण्याला भिडली.

“सशीण हरली,” म्हाताऱ्या वानराने जाहीर केलं. तेवढंच ऐकून सशीण मान खाली घालून नदीपार निघून गेली. टिटवीच्या हाकेलाही थांबली नाही.

संध्याकाळ झाली. पैलतीरावर गवत हललं की टिटवीला वाटे, आलीच ती. पण तो नुसता वारा असे. कोल्हा पाणी प्यायला आला, त्या रेघेशी रेंगाळला आणि वळणापाशी हळूच म्हणाला, “इथे माझी पाचावर धारण बसली होती.”

जवळच बसलेले वानर आणि म्हातारं कासव हे ऐकून लगबगीने आले. जिंकणाऱ्याची भीती अशी उघड्यावर मांडलेली त्यांना खपेना. पावलं उमटवायची एवढी हौस असेल तर चिखलात जाऊन नाच, असं वानराने सुनावलं. आम्ही कधी विचारलं नाही, तूही विचारू नकोस, असं कासवाने समजावलं.

“पूस ते, पोरी,” वानर म्हणाला.

टिटवी रेघेच्या वळणावर पंख पसरून उभी राहिली. नजर पैलतीरावरच होती.

“नाही पुसणार, आजोबा. ती हरली, एवढंच तुम्ही तिला सांगितलंत. कुठवर पोचली होती, ते कोणीच सांगितलं नाही. ती येऊन बघेपर्यंत हे इथेच राहील. तुमच्यापैकी कोणी इतकं वर पोचलं असेल, तर त्याने पुढे येऊन पुसावं.”

वानराने कासवाकडे पाहिलं, कासवाने वाळूकडे. पुसायला कोणीच पुढे आलं नाही.

तात्पर्य : निकाल फक्त शेवट सांगतो. हरणारा कुठवर पोचला होता, हे त्याला दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही.