अंबूनं सासूला रामेश्वराला नेलं

एक होती सून नि एक होती सासू. भांडायच्या का, असं विचारू नका. नव्हत्या भांडत. सुनेचं नाव अंबू, सासूचं नाव भिवराबाई. कृष्णेच्या काठी कोष्ट्यांची आळी होती, तिथे त्यांचं घर. अंबूचा नवरा म्हादू दिवसभर मागावर बसून लुगडी विणायचा.

अंबू लग्न होऊन आली तेव्हा नऊ वर्षांची होती. त्याच साली गावात देवीची साथ आली. अंबूच्या अंगभर फोड उठले. लोक दारापुढनं जाईनात. भिवराबाईनं मात्र तिचं डोकं मांडीवर घेतलं, ते महिनाभर खाली ठेवलं नाही. कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घातला, घोट घोट ताक पाजलं. अंबू बरी झाली. मग भिवराबाईला देवी आल्या, नि तिचे दोन्ही डोळे गेले.

त्याबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही, बरं का. पण अंबू विसरली नाही. रोज सकाळी सासूची वेणी घालायची नि मनात म्हणायची, हिच्यासाठी मी काय करू?

अशी खूप वर्षं गेली. एकदा वेणी घालून घेताना भिवराबाई म्हणाली, "अंबू, तिकडे दक्षिणेत रामेश्वर आहे म्हणे. देवळात बावीस विहिरी आहेत, नि प्रत्येकीच्या पाण्याची चव निराळी. ते पाणी एकदा अंगावर घ्यावंसं वाटतं बघ. पण जाऊ दे. आंधळीला कोण नेतं एवढ्या लांब?"

"मी नेते, आत्याबाई," अंबू म्हणाली.

म्हादू म्हणाला, "दोघी जाऊन या. म्हैस नि माग मी बघतो."

म्हणायला सोपं होतं. पण गावातला कुणीच तिकडे गेलेला नव्हता. वाट ठाऊक नाही. भिवराबाईला चालवत नाही, मग बसायला गाडी हवी. नि तिकडची बोली तर अंबूला काडीची येत नव्हती. आता कसं करायचं?

मग अंबू नदीवर गेली. थंडीचे दिवस होते, वाळवंटात करकोचे उतरले होते. अंबूनं त्यांतल्या थोरल्याला हात जोडले, म्हणाली, "दादा, तुम्ही एवढं जग हिंडता. आम्हाला रामेश्वराची वाट सांगा." करकोचा एका पायावर उभा राहून विचार करत बसला. मग त्यानं चोचीनं आपलं एक पीस उपटून तिच्या पदरात टाकलं. "सकाळी हे तळहातावर ठेव," म्हणाला. "टोक जिकडे वळेल, तिकडे जा."

वाट मिळाली. मग अंबू गाडीच्या शोधात निघाली. घरात एक जुना छकडा होता, पण ओढायला बैल नव्हता. पाटलांच्या गोठ्यामागे एक म्हातारा बैल उभा असायचा. कामाचा उरला नाही म्हणून त्याला कुणी दावंसुद्धा बांधत नसे. अंबूनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, तर बैल म्हणाला, "मी ओढीन बाई. पण मला आसूड लावायचा नाही, नि लवकर चल म्हणायचं नाही." अंबू म्हणाली, "तुला जमेल तसा चाल." पाटलांनी हसत हसत बैल दिला.

आता राहिली बोली. शेवग्याच्या झाडावर एक साळुंकी राहायची. ती कधीकाळी तिकडच्या व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आलेली. ती म्हणाली, "सगळी बोली शिकायला तुला जन्म पुरायचा नाही. तीन शब्द शिकवते." एक शब्द पाण्याचा, एक वाटेचा, नि तिसरा 'नन्री'. नन्री म्हणजे तुमचे फार उपकार झाले. अंबूनं दशम्या भाजता भाजता तिन्ही शब्द घोकले. चटणी कुटताना घोकले. अंथरुणं बांधताना घोकले. नि निघायच्या गडबडीत पहिले दोन साफ विसरली.

निघाल्या दोघी. पीस वाट दाखवी, बैल सावकाश चाले. रामेश्वर जवळ यायला लागलं तशी माणसांची बोली बदलली. मग अंबूनं काय करावं? दारात उभी राहून हात जोडायची नि म्हणायची, "नन्री." अजून काही मागितलं नाही, काही मिळालं नाही, नि ही बाई आधीच उपकार मानतेय. लोक हसायचे. मग घरातनं कुणी पाणी आणायचं, कुणी भात वाढायचं, कुणी ओसरीवर चटई टाकायचं. बैलालासुद्धा कडबा मिळायचा.

असं करत समुद्र आला. बैल काठावर एका म्हाताऱ्या कोळिणीकडे राहिला, नि नावाड्यानं दोघींना पलीकडे नेलं.

देवळात गेल्या. तिथला माणूस विहिरीतनं बादली काढायचा नि भिवराबाईच्या डोक्यावर ओतायचा. ती पाण्याची चव घेऊन सांगायची, "हे गोड आहे. हे तुरट आहे गं." अंबू तिचा हात धरून एका विहिरीवरनं दुसरीवर न्यायची. दहा झाल्या. वीस झाल्या. भिवराबाई थंडीनं कुडकुडत होती, पण चेहरा असा उजळला होता, काय सांगू.

मग बाविसावी बादली पडली. भिवराबाईनं तोंडावरनं हात फिरवला. पापण्या मिचकावल्या. मान वळवली नि अंबूकडे बघतच राहिली. तिनं शेवटची पाहिली होती ती नऊ वर्षांची पोर.

हळूच म्हणाली, "अंबू, तुझे केस पांढरे कधी झाले गं?"

अंबू खाली वाकली. तिनं सासूचे पाय धरले. भिवराबाईनं तिला उठवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "थांब. आधी मला नीट बघू दे."

नि किती वेळ बघत होती म्हणून सांगू. मागे माणसांची रांग खोळंबली होती, पण कुणी ढकललं नाही, कुणी पुढे चला म्हटलं नाही. देवाचं दर्शन त्यांनी मग घेतलं, सावकाशीनं.

परत आल्या, म्हादूला भेटल्या, नि तिघंही पुढे खूप वर्षं सुखात राहिली. बैलसुद्धा त्यांच्याच दारात राहिला. झालं, एवढंच. आता पाय पोटाशी घ्या, पांघरूण ओढा नि गुपचूप झोपा बघू.