बोरकुडीचा फुटका उंबरा

बोरकुडीच्या वेशीला दार नाही. दोन बुरूज आहेत, वर कमान आहे, कमानीखाली काळ्या दगडाचा उंबरा आहे. त्या उंबऱ्याची बाहेरची कड मधोमध फुटलेली दिसते. नीट पाहिले तर ती फुटलेली नाही, फोडलेली आहे. जात्याच्या तळीवर असतात तसे टाकीचे घाव तिथे अजून मोजता येतात. गावात सिमेंट येऊन चाळीस वर्षे झाली. त्या जागी कुणी चिमूटभर भरले नाही. भरणारही नाही.

पाठीवर बोचके घेऊन गावोगाव पायी हिंडणारे आणि मिळेल तिथे पाल ठोकणारे लोक हल्ली इकडे येतात. त्यांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण गोष्ट त्यांच्यासारख्यांचीच आहे.

ते दिवस पेंढाऱ्यांचे होते, असे सांगतात. बोरकुडीला चाळीस घरे आणि दोन पुरुष उंच तट होता. वेशीवर सिद्राम येसकर राखणीला होता. सूर्य बुडाला की दार लावायचे आणि मग बाहेरच्याला वरून विचारायचे, कोण, कुठला, काम काय. उत्तर कसेही असले तरी दार सकाळीच उघडायचे. सिद्रामने तीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

एका भाद्रपदात तायाप्पा टाकारी आणि त्याची बायको गंगव्वा वेशीशी आली. जात्यांना टाकी लावीत दोघे बारा महिने पायी फिरत. आज हे गाव, उद्या ते. पावसाळ्यात जाते लवकर गुळगुळीत होते, म्हणून दर भाद्रपदात ती बोरकुडीला येत. त्या दिवशी पोचली तेव्हा दार लागले होते.

"कोण? कुठला? काम काय?" सिद्रामने वरून विचारले.

"तुझ्या बायकोचं जातं टाकणारा," तायाप्पा म्हणाला. "दात मी लावायचे, पीठ तू खायचंस, आणि तोंड विसरायचंस होय रे?"

"तोंड ओळखतो. सूर्य बुडाला."

"बुडाला कुठं? ढगाआड गेलाय. येईल बघ बाहेर."

सिद्रामने पश्चिमेकडे पाहिले. ढग काळे होते आणि डोंगराकडे पाऊस उतरला होता. आपण दार घटकाभर आधी लावले हे त्याला कळले. पण लावलेले दार उघडायचे म्हणजे चूक कबूल करायची.

"सकाळी या," तो म्हणाला.

"माळावर नुसते काटे आहेत," गंगव्वा नवऱ्याला म्हणाली. "चला, ओढ्यात पडू. वाळू तरी मऊ आहे."

डोंगरात पाऊस झाला की हरणओढा कसा येतो हे सिद्रामला ठाऊक होते. वाळूत झोपू नका, एवढे म्हणायचे होते. पण ओढ्यात नको म्हटले, तर मग कुठे, असे त्यांनी विचारले असते. तो गप्प राहिला. खाली वाळूत तीन दगडांच्या चुलीचा धूर निघालेला त्याने पाहिला आणि तो जेवायला गेला.

पहाटे गाव जागे झाले ते पाण्याच्या आवाजाने. सिद्रामने अडसर वर ओढला, दार लोटले आणि धावत सुटला. अडसर म्हणजे दारामागचा उभा सागवानी वासा. तो वरून खाली उंबऱ्याच्या दगडातल्या भोकात बसे. वर ओढला की खुंटी मारून ठेवावा लागे. त्या पहाटे सिद्राम खुंटी मारायला विसरला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सारे गाव त्याच्यामागून ओढ्याकडे गेले. म्हातारीकोतारीसुद्धा तटाला धरधरून आली. काठावर सगळे गोठून उभे राहिले. वाळू नव्हती, चूल नव्हती, माणसे नव्हती. लाल पाणी माणसाच्या उंचीचे चालले होते. 

तेवढ्यात वारा सुटला, आणि मागे मोठा आवाज झाला. वेशीचे दार आपटले होते. अडसर सुटून भोकात बसला होता. गाव बाहेर होते आणि आत कुणी नव्हते.

मग सिद्रामची सून कस्तुरी म्हणाली, "मामंजी, चंद्रा पाळण्यात आहे."

चंद्रा तीन महिन्यांची होती. झोपलीय, लगेच परत येऊ, म्हणून कस्तुरी तिला ठेवून आली होती.

लोकांनी दाराला खांदे लावले. कुऱ्हाड घातली, तिचा दांडा मोडला. एक जण तटावर चढला आणि पडला, त्याची मांडी मोडली. आत मूल रडायला लागले. सिद्राम शिडी आणायला शेजारच्या मळेवाडीला धावला. बोरकुडीची सगळी माणसे माळावर जमलेली पाहून मळेवाडीने आपली वेस लावून घेतली होती.

"कोण? कुठला? काम काय?" वरून आवाज आला.

"बोरकुडीचा येसकर. शिडी द्या. लेकरू आत अडकलंय."

वर दोघे हसले. "येसकर, आणि वेशीबाहेर? तुझं दार तुलाच उघडत नाही, मग आम्ही कशाला उघडू?"

सिद्रामने हात जोडले, नातीचे नाव सांगितले. दार उघडले नाही. आपण हे असेच करतो, हे त्याला त्या दाराखाली कळले, असे म्हणतात.

तो परतला तेव्हा दुपार कलली होती. आतले रडणे बारीक झाले होते. मधूनच थांबत होते. कस्तुरी दाराच्या फटीला तोंड लावून अंगाई म्हणत होती.

आणि ओढ्याच्या अंगाने गंगव्वा येताना दिसली.

लोक मागे सरले. काहींनी भूत समजून डोळे झाकले. ती चिखलाने भरली होती आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.  सिद्राम उभा होता तिथेच खाली बसला.

"मी काठाला लागले, म्हातारा गेला," ती म्हणाली. "खाली वळणावर बाभळीत सापडला. माती द्यायला चार माणसं पाहिजेत."

 तेवढ्यात आत मूल कण्हले.

"आत कोण आहे?"

"नात," तो म्हणाला. "दार बसलंय."

गंगव्वाने दाराकडे पाहिले, मग खाली उंबऱ्याकडे. सकाळपासून सगळे लाकडावर घाव घालत होते. दगडाकडे कुणी पाहिले नव्हते.

"सरक बाजूला," ती म्हणाली.

तिने टाकी आणि हातोडी काढली, मांडी घातली आणि उंबऱ्याची कड फोडायला लागली. ठक, ठक, ठक. दुसरा आवाज नव्हता. आतला आवाजही थांबला होता. टाकी दाराखालून भोकापर्यंत गेली तेव्हा तिने पहार मागितली, खालून घातली आणि अडसर उचलला. दार उघडले.

सिद्राम उंबऱ्याशी उभा राहिला. पाऊल उचलेना. त्याने मागे वळून हात जोडले आणि विचारले, "आत जाऊ का?"

गंगव्वाने त्याच्याकडे पाहिले. "सूर्य अजून वर आहे," ती म्हणाली. "जा."

मूल जिवंत होते.

चार माणसे मागितली होती, चाळीस घरे गेली. तायाप्पाला वळणावर माती दिली. गंगव्वाला लोकांनी घर देऊ केले. ती म्हणाली, मी ह्या दारातून आत यायची नाही. त्या रात्री ती काटे बाजूला सारून माळावर झोपली, आणि सिद्राम तिच्यापासून दहा हातांवर उघड्यावर बसून राहिला. सकाळी ती पुढच्या गावाला गेली. सिद्रामने त्याच दिवशी दार काढले आणि पुढे त्या लाकडांवर तिच्या नवऱ्याचा तेरावा रांधला.

आजही भाद्रपदाच्या शेवटच्या शनिवारी बोरकुडी ओस पडते. आधी पाळणे बाहेर येतात, मग माणसे. एक घोंगडी, एक भांडे, तीन दगडांची चूल. सगळे गाव माळावर उघड्यावर झोपते. रविवारी सकाळी सगळे वेशीपुढे उभे राहतात आणि पायी येणाऱ्या परक्या माणसाची वाट पाहतात. मोटारसायकलवरून उतरून चार पावले टाकलेला चालत नाही. एका वर्षी सोमवारच्या दुपारपर्यंत कुणी आले नाही. आत गुरे हंबरत होती. कुणी हलले नाही.

त्या सकाळी वाटसरूला आधी काही सांगत नाहीत. वळणावरून तो येतो आणि पाहतो, तर आख्खे गाव हात जोडून त्याच्यापुढे उभे. गावातला सर्वांत वडीलधारा माणूस विचारतो, "आत जाऊ का?" पुष्कळ जण घाबरतात. एक तर पळून गेला, आणि गावाने आणखी एक रात्र माळावर काढली.