नवतीस फरशांचं अंगण

एका राज्यात पोरं जेवढं मोजत तेवढंच खरं होत असे. चुकीचं मोजलं तरी तेच खरं. हे वरदान नव्हे, शाप होता, आणि तो उपजला होता एका पंगतीत.

राजा शूरकेतूकडे घोरपाद नावाचा मांत्रिक जेवायला आला. त्यानं पाच मांडे खाल्ले. आचाऱ्याची चिमुरडी शेजारी उभी राहून मोजत होती, ती मोठ्यानं म्हणाली की बुवांनी नऊ खाल्ले. अख्खी पंगत हसली. मांत्रिकानं तळहातावर पाणी घेतलं आणि म्हणाला, "आजपासून या राज्यात पोरं मोजतील तेच खरं होवो." तत्क्षणी त्याच्या पोटात नऊ मांडे झाले आणि तो कळवळत निघून गेला. शाप मात्र राहिला.

दुसऱ्या दिवशी विणकराच्या पोरीनं जेवताना आपले काका मोजले. होते चार, ती म्हणाली तीन. चौथ्या काकाचा घास ताटात पडला. काका नव्हता. कुंभाराच्या शेळीला पाचवा पाय फुटला. राजानं दवंडी पिटवली की पोरांनी काही मोजू नये. पण पोरं ती, ऐकतात होय? मग पंडित आले, छड्या घेऊन आले. छडी पाहून पोरं भ्याली, भ्याली म्हणून जास्तच चुकली, आणि एका पंडिताला घरी जाताना उजवा कान नव्हता.

अखेर मांत्रिकाचा धनेश पक्षी राजवाड्याच्या सज्ज्यावर येऊन बसला आणि माणसाच्या वाणीनं बोलला, "राजवंशातलं मूल सहा महिन्यांनी भरसभेत तीन गोष्टी अचूक मोजील, तर शाप सुटेल. चुकलं, तर चुकलेलं कायम राहील."

राजवंशात मूल एकच, सहा वर्षांची इंदुलेखा. तिला शिकवायला पंडित कुणी धजेना. तेव्हा राजानं कोठारावरच्या म्हाताऱ्या मापाड्याला बोलावलं. कोंडाजी त्याचं नाव. धान्य मापण्यात जन्म गेला, पण अक्षर येत नव्हतं. कोंडाजी म्हणाला, छड्या बाहेर ठेवा, मला गोष्टी येतात तेवढ्या सांगतो.

पहिल्याच दिवशी राजकन्येनं त्याचे दात मोजले. होते अकरा, ती म्हणाली नऊ. कोंडाजीनं जीभ फिरवून पाहिली, हबकला, पण ओरडला नाही. त्यानं तिला सासूबाईंची गोष्ट सांगितली. त्या सासूबाई एकच कोंबडी तीनदा मोजत आणि शेजारणीवर चोरीचा आळ घेत. पोर खदखदून हसली आणि पुढं एकच वस्तू दोनदा मोजायची विसरली.

अडलं ते चाळिसाच्या अलीकडे. अडतीसनंतर ती म्हणे, "नवतीस." तिचंही खरं होतं, एकतीस, बत्तीस, तसं नवतीस. पण वाड्याच्या अंगणातल्या फरशा तिनं अशा मोजल्या आणि अंगण नवतीस फरशांचं झालं. आता नवतीस म्हणजे किती, हे कुणाला ठाऊक? त्यावरून चालणाऱ्याला भोवळ येई. सेनापती तर भिंतीला धरून उभा राहिला आणि रडला.

कोंडाजी तिला घेऊन उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "ताईसाहेब, चाळीस जणांची पंगत बसायचीय. पण हरकूबुवा नेहमी मागं राहतो, त्याचं धोतर सापडत नाही. यजमान ओरडतो, एक उणा! म्हणून ते एकोणचाळीस. मग सगळे विचारतात, कोण राहिलं रे?"

पोर हसून लोळली. त्या दिवसापासून एकोणतीस येवो की एकोणसाठ, ती आधी हसे आणि मग विचारी, कोण राहिलं.

सहा महिने भरले. सभा बसली. धनेशानं अट घातली की शिकवणाऱ्यानं तोंड उघडलं तर त्याचा दगड होईल.

पहिल्यानं पिंजऱ्यातले पोपट. ते एका जागी ठरेनात. इंदुलेखेनं प्रत्येकाच्या चोचीत एकेक मिरची दिली आणि मिरच्या मोजल्या. बारा. दुसऱ्या खेपेस पाच मांडे दोघांत वाटायचे. तिनं एक मधोमध फाडला आणि म्हणाली, अडीच.

तिसऱ्या खेपेस पक्षी म्हणाला, "या सभेत माणसं किती?"

ती बोट दाखवत निघाली. राजा, राणी, प्रधान, भालदार, चोपदार. कोंडाजी मनात तिच्याबरोबर मोजत होता. ती पस्तीसवर पोचली तेव्हा त्याला समजलं. सहा महिन्यांत त्यानं तिला सगळं मोजायला शिकवलं होतं, स्वतःला मोजायला शिकवलं नव्हतं. तोंड उघडावं तर दगड. झालो तर होऊ, असं मनाशी म्हणून त्यानं श्वास घेतला, पण तोवर उशीर झाला होता.

"एकोणचाळीस," ती म्हणाली आणि थांबली. तिची पावलं विरायला लागली. पैंजण गेले, घोटे गेले.

आणि पोरीला हसू आलं. सवयच ती. "कोण राहिलं?" असं म्हणत तिनं सभाभर पाहिलं. सगळे होते. मग तिनं खाली पाहिलं.

"अगंबाई, मीच की. चाळीस."

पावलं आली. धनेश फांदीवरून फळ गळावं तसा सज्ज्यावरून गळला आणि जमिनीला लागण्याआधीच नाहीसा झाला. राज्यात जे गेलं होतं ते परत आलं, जे वाढलं होतं ते ओसरलं.

राणीनं लेकीला उचललं, पुनःपुन्हा तिचे पाय चाचपले आणि विचारलं, "स्वतःला का मोजलं नाहीस, बाळा?"

"मी मोजत होते ना, आई."

ते ऐकलं आणि कोंडाजी मटकन खाली बसला. राजासमोर बसू नये ही रीत त्याला ठाऊक होती, तरी तो उठला नाही. राजानं त्याच्याकडे पाहिलं. मग राजाही सिंहासन सोडून त्याच्याशेजारी जमिनीवर बसला.

इथं गोष्ट पुरी झाली. ऐकणाऱ्यांची लेकरं हसत मोजोत आणि मोजताना कुणी उणं न पडो.