देवडीची ऐट

जहागिऱ्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका जहागीरदाराने फाटकापाशी पहारेकऱ्यांसाठी देवडी बांधली आणि हौसेने तिला नक्षीदार खांब केले. तेव्हापासून ती झाडांआडच्या साध्या, प्रशस्त घराला हिणवू लागली.

एकदा जहागीरदाराच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. घर म्हणालं, "देवडीबाई, त्यांना आत पाठव हं."

"तुझे पोपडे बघायला?" देवडी फणकारली आणि तिने आतलं दार घट्ट लावून घेतलं.

पाहुणे तिलाच घर समजले. खांब पाहून ते खूश झाले, देवडी फुलून गेली. मग मुलाच्या आईने आत डोकावून विचारलं, "अहो, इथे चूल कुठाय?"

देवडीने नक्षीदार खांब पुढे केले.

"नुसताच डौल. असल्या घरची सून नको," म्हणत बाईंनी गाडी वळवायला लावली.

झाडांआड मुलगी जरीचं लुगडं नेसून वाट पाहत होती.